रापा नुईची माती

ईस्टर बेट चिलीच्या पश्चिमेला साडेतीन हजार किलोमीटरवर, भर पॅसिफिकमध्ये आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४च्या डिसेंबरात कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम तिथं पोचली. बेटावर घोडे भरपूर, माणसं अनवाणी, तरीही धनुर्वात कुणाला होत नाही, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्रेडींच्या लक्षात आलं. त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती नळ्यांत भरून आणली.

त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेन सहगल यांच्या गटानं १९७२मध्ये बुरशी मारणारं एक द्रव्य वेगळं केलं. बेटाच्या नावावरून ते रापामायसिन झालं. सहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. पुढे कंपनीनं ती प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, वर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावली आणि न्यू जर्सीला जाताना त्या सोबत नेल्या. या चिकाटीचं मला फार मोल वाटतं. १९९९मध्ये प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण ते पेशीत नेमकं काय अडवतं? बाझेलमध्ये मायकेल हॉल आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये यीस्टमध्ये याचा छडा लावला. रापामायसिन ज्या प्रथिनाला अडवतं, त्याला त्यांनी ‘टॉर’ म्हटलं. आपल्या पेशींतही टॉर आहे. पेशीतल्या टाकाऊ मालाचं विघटन करणाऱ्या लायसोसोम नावाच्या पिशवीवर ते कामाला लागतं. ल्यूसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्लं पुरेशी आहेत का आणि बाहेरून इन्शुलिनचा निरोप आला आहे का, या दोन्हींचा अंदाज घेऊन ते ‘वाढा’ असा हुकूम सोडतं. मग नवी प्रथिनं भराभर तयार होतात आणि जुनी, बिघडलेली प्रथिनं मोडून वापरण्याचं काम, म्हणजे ऑटोफॅजी, मागे पडतं. घरात पाहुण्यांची वर्दळ असताना माळा झाडायला कोण चढतं? अन्न कमी पडलं की टॉर मंदावतं आणि साफसफाई सुरू होते. या साफसफाईची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६चं नोबेल मिळालं.

तारुण्यात वाढ हवीच. उतारवयातही टॉर तसंच चढं राहिलं, तर पेशीत कचरा साठतो. म्हातारपण म्हणजे केवळ झीज नव्हे, त्यात या न थांबलेल्या वाढीचाही हात आहे, हे मत मला पटतं. २००९मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या साधारण साठीतल्या, उंदरांना रापामायसिन दिलं. दीर्घायुषी उंदरांचं आयुष्य माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढलं. इतक्या उशिरा सुरू करूनही!

मग उपासानं हेच साधतं का? खाणं खरोखर कमी झालं तर टॉर मंदावतं. साबुदाण्याच्या खिचडीनं मात्र नाही, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आणि त्यानं इन्शुलिन वाढतंच. ज्येष्ठांनी हौसेनं प्रथिनं तोडू नयेत, स्नायू आधीच उतरणीला लागलेले असतात. रापामायसिनची गोळीही मनानं घेण्याची नाही. तोंडात फोड येतात, कोलेस्टेरॉल चढतं, जखमा लवकर भरत नाहीत.

सध्या अमेरिकेत पाळीव कुत्र्यांवर या औषधाची चाचणी चालू आहे. कुत्री माणसांच्याच घरात, त्याच हवेत राहतात आणि दहा-बारा वर्षांत म्हातारी होतात. त्यामुळे माणसांवरच्या चाचणीसारखी कित्येक दशकं थांबावं लागणार नाही.