चोवीस आटे, सव्वीस आटे

वटारहून गास, सोपारा या वाटेने नालासोपाऱ्याच्या स्टेशनापर्यंत वसईच्या पश्चिम पट्टीतील भाजी, फुले, केळी आणि दूध ज्या काळ्या, उंच, सळईच्या ब्रेकच्या सायकलींनी वर्षानुवर्षे पहाटे वाहून नेले, त्या सायकलींचे मला लहानपणापासून जे वेड आहे ते त्यांच्या वेगाचे नव्हे, डौलाचेही नव्हे. एका कारखान्याचा चिमटा दुसऱ्याच्या फ्रेमला, लुधियान्याची रिम बर्मिंगहॅमच्या हबाला आणि कोणाचेही पायडल कोणाच्याही क्रँकला जे निमूटपणे बसते, त्या बसण्याचे ते वेड आहे. आमच्या पडवीत मात्र आजोबांच्या वापरातली एक नॉटिंगहॅमची रॅले होती आणि तिचा स्वभाव निराळा होता. पायडलांच्या मधल्या धुरीची वाटी बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे बाजारातील प्रत्येक वाटी तोंडाशी तंतोतंत बसे, दोन-तीन फेरे सुखाने आत जाई, आणि मग अशी अडे की पान्हा वाकावा पण वाटी हलू नये. दुकानदार याचे खापर कधी गंजावर फोडीत, तर कधी आजोबांच्या जुनाट आवडीवर. खरे कारण यांपैकी कशातच नव्हते.

स्टार्लीची १८८५ची रोव्हर, डनलॉपचा १८८८चा हवेचा टायर, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत विलायतेत उसळलेली सायकलींची लाट ही कहाणी वाचकांस ठाऊकच आहे. सबब ती ओलांडून मी एकदम १९०२ सालाकडे येतो. त्या वर्षी इंग्लंडातील सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूट या संस्थेने सायकलीच्या आट्यांची मापे मुक्रर केली. तोवर स्क्रूंच्या बाबतीत व्हिटवर्थने १८४१मध्ये घालून दिलेला ५५ अंशांचा कोन प्रमाण मानला जात असे. सायकलवाल्यांनी तो सोडून ६० अंशांचा स्वीकारला, आणि मधल्या धुरीच्या वाटीसाठी १.३७ इंच व्यास व इंचामागे २४ आटे असे माप ठरले. रॅले कंपनीने मात्र आपल्या मधल्या धुरीसाठी आणि चिमट्याच्या बेअरिंगसाठी इंचामागे २६ आटे ठेवले, आणि ते अनेक दशके बदलले नाहीत.

दोन आट्यांचा फरक तो काय, असे ऐकणाऱ्यास वाटते. हिशेब केला तर एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर २४च्या मापात एक मिलिमीटरहून किंचित अधिक आणि २६च्या मापात किंचित कमी भरते. दर आट्यामागे ही तफावत मिलिमीटरच्या आठ शतांशांएवढीच आहे. परंतु ती साठत जाते, आणि चौथ्या आट्याशी पोचेपर्यंत वाटीचा कंगोरा फ्रेमच्या खाचेपासून एका आट्याच्या सुमारे एक-तृतीयांशाने सरकलेला असतो. तिथे वाटी अडते. ज्याच्या मनगटात जोर अधिक आणि डोक्यात शंका कमी, तो कारागीर तशीच ती पुढे रेटतो आणि फ्रेमचे आटे कायमचे मोडतो. त्यातच उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात; धुरी फिरताना छर्ऱ्यांच्या ओघाने वाटी सैल होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज अत्यंत शहाणपणाची आहे, पण अनभिज्ञ माणूस सोडवायला जातो आणि आवळून बसतो.

रॅलेने हा हेका का धरला असावा? बारीक आटे अधिक घट्ट धरतात, हे यंत्रशास्त्रात खरे आहे. मला मात्र ते कारण पुरेसे वाटत नाही. जो कारखाना हबापासून हँडलापर्यंत बहुतेक सर्व सामान स्वतःच्या छपराखाली करू शकतो, त्याला शेजाऱ्यांच्या मापाची गरज नसते. आणि ज्याचे सुटे भाग दुसरीकडे मिळत नाहीत, त्याचे गिऱ्हाईक परतून त्याच्याच दारी येते. पुढे रॅलेने १९३२मध्ये हंबर आणि १९४३मध्ये रज ही जुनी घराणी विकत घेतली, आणि नॉटिंगहॅमात बनू लागलेल्या त्या नावांच्या सायकलींतही २६ आटे शिरले. राज्य वाढले म्हणजे त्याची वजनेमापेही पसरतात, हे मुलखाच्या इतिहासात दिसते तसेच येथेही.

आमच्या रॅलेचा निकाल अखेर असा लागला की जुन्या वाट्याच रॉकेलने धुऊन, पाव इंची छर्रे दोन्ही बाजूंना अकरा-अकरा नवे भरून आणि धुरी बदलून ती पुन्हा चालती केली. वाट्यांचे पोलाद चांगले होते. झिजले होते ते छर्रे.

जुन्या सायकलींच्या शौकिनांत ओळख पटविण्याचे जे शास्त्र आहे ते मोठे रंजक आहे. दात्यांच्या चक्रात बगळ्यांची डोकी कोरलेली असतील तर ती रॅले, पाच माणसे असतील तर हंबर, पंजा असेल तर रज, आणि अक्षरेच असतील तर बी.एस.ए. हंबरच्या चिमट्याचे पाय दुहेरी नळ्यांचे असतात. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरांच्या हबावर तो बनल्याचे साल, पुष्कळदा महिन्यासह, ठोकलेले असते. हे सगळे पुरावे मोलाचे. पण ज्या देशात प्रत्येक भाग बदलता येतो आणि बदलला जातो, तेथे हबावरचे साल फक्त हबाचे असते. बगळ्याचे चक्र हंबरच्या धुरीवर आणि हंबरचा चिमटा हर्क्युलसच्या फ्रेममध्ये मी पाहिलेला आहे, आणि त्या सायकलीचा मालक तिला निःशंकपणे रॅले म्हणत होता.

आपल्याकडे हे घडावे यात नवल नाही. विलायतेत पूर्ण जोडलेली सायकल दुकानाच्या काचेत उभी राही. येथे कारखान्यातून ती सुट्या भागांत येई आणि दुकानदार ती गिऱ्हाइकासमोर फिट करी. फ्रेम अमकी, सीट तमकी, टायर डनलॉपचा, कॅरिअर जाड पट्टीचे, स्टँड दोन पायांचा, चेनकव्हर अर्धे की पुरे, घंटी कोणती, असा तपशील विकत घेणाराच ठरवी. यामागे सरकारी धोरणही होते. सायकलीचे पुष्कळसे सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे मोठे कारखाने ते स्वतः न करता बाहेरून घेत, आणि लुधियान्याच्या गल्ल्यांतील शेकडो लहान कारखान्यांना एकाच मापाने काम करणे भाग पडे. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा ही जुनी इंग्रजी वहिवाट जगाने बहुतांशी सोडली. आपण ती आपल्या काळ्या सायकलींत अद्याप चालविली आहे, आणि मागच्या चाकावर जो भार पडतो तो पाहता ती शहाणपणाचीच आहे. छंद म्हणून सायकल आपल्या मनाजोगी बांधून घेणे ही आज श्रीमंत देशांतील हौस मानली जाते. वसईच्या भाजीवाल्याने आयुष्यात दुसऱ्या प्रकारची सायकल घेतलीच नव्हती.

त्याच्या सायकलीत तर त्याहूनही पुष्कळ फेरफार होत. चिमट्याला हबापासून हँडलाच्या गळ्यापर्यंत जादा सळया. दुधाचे कॅन अडकविण्यासाठी कॅरिअरच्या दोन्ही अंगांस आकडे. वेल्डरकडून अँगल लावून रुंद केलेले मागचे ओझ्याचे पाट. समुद्राची खारी हवा रिमला वर्षभरात खाते, म्हणून तिला अधूनमधून तेलाचा हात. धार लावणारे येत त्यांची सायकल स्टँडवर उभी राहून चालत असे, आणि तिच्या चाकावरून गेलेला पट्टा हँडलाजवळचा सहाणेचा दगड फिरवी. हा बदल इतका नेटका आहे की त्याचा कर्ता कोण याची कोणी नोंद ठेवली नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

नोंदी ज्यांच्या राहिल्या ते कारखाने. मुंबईत, वरळीस, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हिंद सायकल्स हा कारखाना उभा राहिला; देशातील अगदी पहिल्या सायकल-कारखान्यांत त्याची गणना होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलस आणि १९५६मध्ये लुधियान्यास हिरो असे कारखाने निघाले, आणि वरळीचा कारखाना क्रमाने मागे पडला. त्याची अखेरची कैफियत वाचायची असेल तर ती संसदेच्या १९८०च्या कायदा क्रमांक ७०मध्ये आहे. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा हा कायदा मी एखाद्या कादंबरीसारखा वाचला, हे मित्रांना हास्यास्पद वाटते, वाटो. जमिनी, इमारती, यंत्रे, साठा, हिशेबाच्या वह्या यांपासून कामगारांच्या थकलेल्या पगारापर्यंत बुडत्या कारखान्याचा सारा संसार अशा कायद्याच्या कलमांतून आणि परिशिष्टांतून कळतो, आणि कोणाचे देणे आधी, कोणाचे मागाहून, याचा क्रमही तेथे लावून दिलेला असतो. गंमत अशी की मुंबईची हिंद आणि नॉटिंगहॅमचे नाव मिरविणारी सेन-रॅले यांना सरकारने एका कायद्याच्या मथळ्यात शेजारी बसविले खरे, पण लगेच त्यांची दोन निराळी महामंडळे केली: वरळीस राष्ट्रीय सायकल महामंडळ, आसनसोलला सायकल महामंडळ. दोन्ही पुढे बंद पडली. ज्या रस्त्यावर तो कारखाना होता त्या बाजूस आज उंच मनोरे आहेत, आणि त्यांत राहणारांपैकी कोणास खाली सायकली होत होत्या हे ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

पुण्यास मात्र कोणीतरी सांभाळले. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी आपल्या वास्तूत जुन्या सायकलींचे संग्रहालय केले असून ते २०१७पासून लोकांस खुले आहे. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बी.एस.ए.ची पॅराट्रूपर त्यात आहे; दोन पंखांच्या नटांवर मध्यातून दुमडणारी आणि पायडलांच्या जागी आतबाहेर सरकणारे नुसते दांडे असलेली ही सायकल पाहिली की युद्धासारख्या अमंगल गोष्टीतूनही किती विवेकी यंत्ररचना जन्मास येते याचा अचंबा वाटतो.

येथे जीर्णोद्धारकांतील एका जुन्या भांडणाचा उल्लेख केला पाहिजे. एक पक्ष म्हणतो, सायकल ज्या स्थितीत कारखान्यातून निघाली त्या स्थितीस न्यावी. पुन्हा रंगवावी, निकेल चढवावे, नंतर बसविलेले परके भाग काढून टाकावेत. दुसरा म्हणतो, गंज आणि ठिगळे हीच तिची बखर. त्यांना हात लावू नये. संत एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न असला पाहिजे की मूळ पाठ कोणता आणि मागाहून शिरलेला कोणता. ग्रंथाच्या बाबतीत मी निःसंशय नाथांच्या पक्षाचा आहे. परंतु सायकलीत मागाहून आलेले कॅरिअर हा प्रक्षेप नव्हे. ते काढून टाकणारा माणूस वसईचा दूधवाला पुसून नॉटिंगहॅमचा कारकून तेवढा ठेवतो.

तरुणांची हौस आणखी निराळी. जुन्या सायकलीच्या फ्रेममध्ये ७०० मापाची हलकी चाके बसवून फ्रीव्हील काढून टाकायचे आणि थांबणे पायांनीच साधायचे, हा प्रकार मुंबई-पुण्यात रुळला आहे. जुन्या अठ्ठावीस-इंची रिमचा व्यास टायर बसतो त्या जागी ६३५ मिलिमीटर आणि नव्याचा ६२२. म्हणजे ब्रेकचे रबर साडेसहा मिलिमीटर आत पोचले पाहिजे. शिवाय सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगास दाबतो आणि नव्या रिमला तशी पाठ नसते, म्हणून ब्रेकही बदलावे लागतात. या मंडळींनी आणखी एक शोध लावून ठेवला आहे: फ्रीव्हीलच्या आट्यांचे माप आणि मधल्या धुरीच्या वाटीचे माप एकच, १.३७ इंच आणि २४ आटे. तेव्हा साध्या हबावर पक्के चक्र चढवून त्यावर वाटीची रिंग आवळली की काम झाले. १९०२चा तह असा अकल्पित जागी उपयोगी पडतो. मात्र चक्र आणि रिंग दोहोंचे आटे एकाच दिशेचे असल्यामुळे मागे जोर देताच दोन्ही मिळून सुटू शकतात. शर्यतीच्या खऱ्या हबाला रिंगेसाठी उलटे आटे असतात ते उगाच नव्हेत. ब्रेक काढून अशी सायकल वसई-विरारच्या रस्त्यावर आणणाऱ्याविषयी माझे मत छापण्याजोगे नाही.

या सर्व शोधात मला ज्या माणसाने अधिक गुंतवून ठेवले तो मात्र हौशी नव्हता, संग्राहकही नव्हता. जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातील शेंदुर्णी येथील गोपाळ मल्हारी भिसे या शेतकऱ्याने सायकलीचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल घेऊन त्यांना कोळप्याची पास जोडली आणि त्या यंत्राला ‘कृषिराजा’ असे नाव दिले. बैल ठेवणे ज्यास परवडत नाही त्या अल्पभूधारकाने एकट्याने, उभ्याने ढकलत कोळपणी करावी, ही त्यातील कल्पना. अहमदाबादेस २०००मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्याची दखल घेतली.

यंत्र म्हणून पाहिले तर त्याची रचना अचूक आहे. हँडलाची उंची माणसाच्या कमरेस जुळलेली असतेच. सायकलवाल्यांनी ते माप दीडशे वर्षांपूर्वीच्या पिढीपासून घासून घासून ठरविले आहे. चाकामुळे भार जमिनीवर जातो, मनगटावर येत नाही. पास नटबोल्टाने बसविलेली, म्हणून पीक बदलले की ती काढून दुसऱ्या रुंदीची लावता येते. मोडले तर सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात, आणि ते कोणत्या कंपनीचे आहेत याला महत्त्व नाही. वसईच्या वाड्यांत, जेथे वाफे अरुंद आहेत आणि बैल फिरविण्यास जागाच नसते, तेथे अशी अवजारे अधिक दिसावयास हवी होती असे मला वाटते. पण आमच्याकडे जमिनीचा भाव असा वाढला की कोळपण्याहून विकणे सोपे झाले.

भिसे यांच्या यंत्रात मधली धुरी नाही, पायडल नाही, साखळी नाही. अर्थात ज्या वाटीवरून हा सारा व्याप सुरू झाला तिचे तेथे कामच पडत नाही. पुढचे चाक मात्र हवे, आणि ते रॅलेचे असले तरी चालते.