भुई का भेगाळते?



भात कापून खळ्यावर गेले, की थोड्याच आठवड्यांत खाचराचे रूप पालटते. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात वळ हे गाव आहे. आज त्या भागात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. पण जिथे काळी भातजमीन उरली आहे, तिथे माघ-फाल्गुनात जाऊन पाहा. पावसाळ्यात पोटरीपर्यंत चिखल असलेल्या त्याच जमिनीत आता लहान मुलाचा हात जाईल एवढ्या भेगा असतात.

“ऊन फार, म्हणून जमीन तडकली,” असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे. त्याच उन्हात नदीकाठची वाळूही तापते. तिला कधी भेग पडलेली पाहिलीत? रत्नागिरीकडची जांभ्याची तांबडी मातीसुद्धा अशी फाटत नाही. तेव्हा नुसत्या उन्हाला बोल लावून चालणार नाही. गोम मातीतच आहे.

आपली काळी माती सह्याद्रीच्या काळ्या कातळाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज होऊन झाली. तिच्यातला चिकणमातीचा कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो. तो वाळूसारखा गोल नसतो, तर पापुद्र्यासारखा चपटा असतो. पत्रावळींची चवड रचावी तसे हे पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. पाऊस पडला की पाणी त्यांच्यामध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की पापुद्रे जवळ येतात आणि माती आकसते. दोन ओल्या पाट्या एकमेकींना कशा घट्ट धरतात? तसेच कणांमधले उरलेसुरले पाणीही त्यांना एकमेकांकडे ओढत असते. जांभ्याच्या मातीतले कण निराळ्या जातीचे. त्यांच्या पापुद्र्यांत पाणी शिरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आकसते तर आकसो, फाटते कशाला? वरचा थर आधी वाळतो. त्याला आकसायचे असते. पण खालचा ओला थर अजून जागचा हललेला नसतो. तो वरच्याला धरून ठेवतो. ही ओढाताण मातीला सोसवेनाशी झाली, की जिथे ती कच्ची असेल तिथे उकलते. मग त्या भेगेतून वारा आत जातो, खालची ओल उडते आणि भेग आणखी खोल जाते.

गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन सारख्या ताटल्या घ्या. एकीच्या तळाला गोंदाने वाळू चिकटवा, दुसरीला तेल चोपडा. दोन्हींत खाचरातला चिखल सारख्याच जाडीने पसरा आणि सावलीत वाळू द्या. खरबरीत ताटलीत भेगांचे जाळे दिसेल. तेलाच्या ताटलीतली वडी मात्र कडेपासून सुटून आकसेल. तिला भेगा थोड्या पडतील, किंवा पडणारही नाहीत. थर जाड घेतला, तर भेगांमधली ढेकळेही मोठी होतात. मुलांना हे मोजू द्या.

आमच्या घरच्या बायकांना याचे मर्म केव्हाच उमगले आहे. भिंत लिंपताना त्या मातीत शेण आणि तूस कालवतात ते उगाच नव्हे. काडीकचरा मातीला बांधून ठेवतो. कुंभारही मडके आधी सावलीतच सुकवतो, म्हणजे आतबाहेर सारखे वाळते.

हे ज्ञान शेतात कुठे उपयोगी पडते? श्रावणात पावसाने उघडीप दिली आणि हाताशी पाणी असले, तर भेग केसाएवढी असतानाच खाचरात पाणी घ्या. ती रुंदावल्यावर दिलेले पाणी मुळांशी न थांबता सरळ खाली जाते, आणि घातलेले खतही सोबत नेते. कापणीनंतर वाल किंवा हरभरा करायचा असेल, तर वाफसा गाठा. चार दिवसांची हयगय झाली, तरी ओल निघून जाते. शिवाय रुंदावणारी भेग कोवळी मुळे तोडते. दोन ओळींमध्ये हलकी कोळपणी करा. भुसभुशीत माती भेगेचे तोंड बुजवते आणि खालची ओल राखते. शेणखतानेही माती मोकळी राहते.

घर बांधणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. काळ्या मातीत उथळ पाया घातला, तर तो पावसाळ्यात उचलला जातो, उन्हाळ्यात बसतो आणि भिंत तडकते. जिथपर्यंत माती फुगते-आकसते, त्याच्या खाली, मुरूम किंवा कातळ लागेल तिथे पाया न्यावा. भिंतीच्या बुडाशी सांडपाणी मुरू देऊ नये.

मात्र भेग म्हणजे निव्वळ नुकसान नव्हे, बरं का. मृगाचा पहिला पाऊस याच वाटेने खोल मुरतो. वरची मातीही भेगांत पडून खालीवर होते; जणू जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. तेव्हा भेग दिसली की नुसते आभाळाकडे पाहू नका. खाली वाकून तिची रुंदी पाहा. जमिनीत ओल किती उरली, हे तीच तुम्हाला सांगते.