सड्यावरचे वाळवंट

रत्नागिरीचे नाव निघताच नारळी-पोफळी, हापूस आणि समुद्र यांपलीकडे आपल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींची कल्पना सहसा जात नाही. पण एकदा गावातली पाखाडी चढून सड्यावर यावे. झाड नाही, सावली नाही. नजर पोहोचेल तेथवर काळपट-तांबूस कातळ! मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभे राहून पाहावे, म्हणजे वाळवंटासाठी राजस्थान गाठायचे कारण उरत नाही.

हा कातळ जांभ्याचा. मूळ काळा पाषाण युगानुयुगे ऊन-पावसाने कुजला, विरघळणारे ते वाहून गेले, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. बुकॅनन या स्कॉटिश अंमलदाराने १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. आमचे गवंडी त्याचे चिरे कितीतरी आधीपासून रचीत होते, ही गोष्ट वेगळी.

काजळी, मुचकुंदी अशा नद्यांनी या पठारात खोल दऱ्या कोरल्या आहेत. वर मरुभूमी, खाली पोफळीची गर्द बाग. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि उन्हाळ्यात सड्यावर घोटभर पाणी नाही, हे कसे? तर सच्छिद्र जांभा पाणी पिऊन टाकतो. ते खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उताराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडते. वाडीची बाव आणि आगर जगते ते या उघड्याबोडक्या सड्याच्या जिवावर!

पावसाळ्यात याच कातळावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर पसरते. आणि चित्रे? कशेळीच्या सड्यावर सुमारे ६० फूट लांबीचा हत्ती कोरलेला आहे, त्याच्या अंगात मासे नि इतर प्राणी. ही कातळशिल्पे शेतीपूर्व काळातील असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली.

तरी सडा म्हणजे पडीक, ही समजूत कायम. चिरेखाणी खोदल्या जातात, कलमांसाठी सुरुंगाने खड्डे पडतात. घर चिऱ्याचे हवे, आंबाही हवा. कोकणी माणसाला दोष तरी कसा द्यावा? मात्र नवी खाण निघण्यापूर्वी खालच्या वाडीतल्या एखाद्या आजीला विचारावे, बावीचे पाणी पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत पुरायचे आणि आता कधी आटते.