‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी

रेसिडेंट डॉक्टर न्यूरोपॅथॉलॉजीच्या रोटेशनला येतात, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवून घट्ट झालेला मेंदू देते. ‘आधी नीट बघा, सुरी नंतर,’ एवढंच सांगते. परवा एकीने हिप्पोकॅम्पस आकसल्याचं अचूक हेरलं. सूक्ष्मदर्शकाखाली अल्झायमरच्या गाठीही दिसल्या. केसपेपर वाचताना मात्र ती गप्प झाली. घरच्यांनी विसराळूपणाकडे ‘वय झालं’ म्हणून काणाडोळा केला होता. ‘माझी आजीही हल्ली तेच तेच विचारते,’ ती म्हणाली.

वाचकहो, आईवडिलांचं विसरणं वाढलं, तर डॉक्टरांना दाखवा. बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता निघाली, तर औषधाने सुधारणा होऊ शकते. मेंदू माझ्यापर्यंत पोचतो, तेव्हा उत्तर मिळतं. पण उपचारांची वेळ गेलेली असते.