संगणकातली दिंडी

वरवंडचा मुक्काम हलवून तुकोबांची पालखी पाटसला विसावते आणि पुढे रोटीच्या घाटाला लागते. त्या वाटेवर दिंडीतला अभंग कान देऊन ऐकावा. शेकडो गळे एकच स्वर धरतात, पण तो एकाच माणसाचा मोठा केलेला आवाज वाटत नाही. तो रुंद असतो, त्याला अंग असतं.

याचं कारण असं, की कुणाचाच सा दुसऱ्याच्या साशी तंतोतंत जुळत नाही. समजा, एका वारकऱ्याचा स्वर सेकंदाला २०० कंपनांचा आहे आणि शेजारच्याचा २०२. फरक दोनाचाच. पण प्रत्येक आवाजात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, दहापट वेगाचे उपस्वरही मिसळलेले असतात. दहाव्या उपस्वराला एकाची कंपनं होतात २००० आणि दुसऱ्याची २०२०. दोनाचा फरक विसावर गेला! समूहाचा स्वर असा वर वर पसरट होत जातो.

हा पसारा गणितात पकडला रुमानियातल्या पॉल नास्का यांनी. २००२ साली त्यांनी हौसेपोटी ‘झिनअॅडसबएफएक्स’ हा सिंथेसायझर लिहायला घेतला. वाद्य असं काही नाहीच, नुसता प्रोग्रॅम. त्यात आवाज घडवण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एकीत लहरींची बेरीज होते, दुसरीत खरखरीतून नको ते गाळलं जातं. तिसरी, ‘पॅडसिंथ’, मला सगळ्यांत विलक्षण वाटते.

तिथे प्रत्येक उपस्वर टोकदार रेघेसारखा न आखता त्याचा पसरट उंचवटा करतात; वरचा उपस्वर असेल तर उंचवटा जास्त रुंद. कुठलं कंपन कुठल्या टप्प्यावर सुरू व्हावं, हे सरळ नशिबावर सोडतात. ध्वनीची त्याच्या कंपनांत फोड करणारं फूरिए यांचं गणित मग या आराखड्यावर उलटं चालवलं, की ध्वनी तयार. नमुने २,६२,१४४ घेतले, तर सेकंदाला ४४,१०० या वेगाने जेमतेम सहा सेकंदांचा तुकडा होतो. पण त्याचा शेवट सुरुवातीला आपसूक जुळतो. कितीही वेळ फिरवा, सांधा ऐकूच येत नाही!

नास्का यांनी प्रोग्रॅमचा स्रोतही खुला ठेवला. म्हणूनच २००९ मध्ये अॅलन कॅल्व्हर्ट यांना त्यातून ‘योशिमी’ ही वेगळी शाखा काढता आली. मूळ प्रोग्रॅमची धुरा पुढे मार्क मॅकरी यांनी उचलली. कंपनांचे टप्पे नशिबावर सोडण्याची युक्ती नास्का यांच्याच ‘पॉलस्ट्रेच’मध्येही आहे, मिनिटांचं गाणं तो तासांवर ताणतो.

झिनअॅडसबएफएक्स फुकट मिळतो. त्यातल्या पॅडसिंथमध्ये उपस्वरांची रुंदी ठरवणारी एक सरकपट्टी आहे. ती अगदी खाली आणली तर ऐकू येते एकसुरी, कोरडी भुणभुण. हळूहळू वर न्या. आधी दोघे-चौघे गातायत असं वाटतं, मग अख्खा समूह. आणखी वर नेलं, की स्वर विरत विरत त्याचा वारा होतो.