अगंज पोलादाला खड्डे का पडतात?

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो. जामसरसारख्या गावी अंगणात विसरलेला कोयता दोन दिवसांत तांबूस होतो. पण शेजारी पालथा घातलेला स्टीलचा हंडा तसाच लखलखीत राहतो. आता त्याच घरातल्या स्टीलच्या डब्यात ओलसर मीठ महिनोन्‌महिने भरून ठेवा. तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात आणि एखाद्या दिवशी डबा चक्क गळतो! पावसाला जे जमले नाही, ते मिठाला कसे जमले?

स्टीलचे भांडे म्हणजे अगंज पोलादाचे भांडे. लोखंडात निदान १०.५ टक्के क्रोमियम मिसळले की असे पोलाद बनते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी ते १९१३ मध्ये तयार केले. क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा जमतो. तो मिलिमीटरच्या एक लाखांशाहूनही पातळ असतो. ओरखडा पडला, तरी हवेत तो पुन्हा आपोआप भरून येतो.

मिठातील क्लोराइड आयन मात्र हा पापुद्रा एखाद्या कच्च्या जागी फोडतात. तेथे बारीक खड्डा पडतो. खड्ड्यात ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही, म्हणून पापुद्रा पुन्हा जमत नाही. विरघळलेल्या धातूच्या आयनांची पाण्याशी क्रिया होऊन आत आम्ल तयार होते. शिवाय हे धन आयन बाहेरून आणखी क्लोराइड ओढून घेतात. म्हणजे खड्डा स्वतःच स्वतःला खोल करीत जातो. वरून तोंड सुईएवढे, पण आतली पोकळी मोठी! समुद्रकाठी डहाणूसारख्या ठिकाणी खाऱ्या वाऱ्याने पोलादी कठड्यांवर तपकिरी ठिपके दिसतात, ते याच कारणाने.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. मे १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे एका बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळले आणि १२ माणसे मृत्युमुखी पडली. छत अगंज पोलादाच्या सळयांनी टांगलेले होते. तलावाच्या हवेतील क्लोराइड सळयांवर साचले आणि ताणाखाली असलेल्या त्या सळयांना तडे गेले.

मग दुरुस्ती कशी करतात? डाग घासून चकचकीत केला, तर रोग झाकला जातो. बरा होत नाही. प्रथम गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढतात आणि खड्ड्याची खोली मोजतात. उथळ खड्डा तळाशी निरोगी धातू लागेपर्यंत घासून काढतात. मग रंगीत द्रव लावून पुसतात. एखादी चीर उरली असेल, तर तिच्यातला रंग वर येऊन ती उघडी पडते. खड्डा खोल असेल, तर पोलादाच्या जातीला जुळणाऱ्या धातूने वेल्डिंग करून तो भरतात. फारच खोल असेल, तर तो भाग कापून नवा तुकडा जोडतात. वेल्डिंगने काळवंडलेला थर काढून शेवटी नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने पृष्ठभाग स्वच्छ करतात, म्हणजे पापुद्रा पुन्हा नीट जमतो. हे काम प्रशिक्षित कामगारांचेच. आम्लाशी खेळू नका. येथे साध्या लोखंडाचा ब्रश वर्ज्य आहे, कारण त्याचे कण पृष्ठभागात रुतून स्वतःच गंजतात.

एवढे करूनही मीठ तसेच साचत राहिले, तर नवा खड्डा पडणारच. म्हणून समुद्राजवळ २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले पोलाद वापरतात, पाणी साचणाऱ्या फटी टाळतात आणि पृष्ठभाग वेळोवेळी धुतात.

आज घरातला स्टीलचा एखादा जुना डबा भिंगातून निरखून पाहा. ठिपके दिसले, तर त्यात पूर्वी काय ठेवले होते, ते आईला विचारा. आणि मीठ? ते चिनी मातीच्या बरणीतच बरे!