अर्थाचे दुसरे धनी

दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू होऊन सुमारे दीड वर्ष चाललेल्या ‘हम लोग’ या मालिकेत भागवंती नावाची एक गृहिणी होती. दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याची आणि सासूची बोलणी निमूटपणे गिळणारी, सर्वांची उष्टीखरकटी काढून शेवटी स्वतःच्या ताटाकडे वळणारी ही स्त्री पाहून प्रेक्षकांच्या मनात चीड उत्पन्न व्हावी, आपल्या घरातील बाईची दशा त्यांना खटकावी, असा कर्त्यांचा हेतू होता. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्रिपद भूषविलेले आपल्या विदर्भातील वसंत साठे मेक्सिकोला जाऊन तेथील लोकशिक्षणपर मालिका पाहून आले होते, आणि मनोरंजनाच्या मार्गाने कुटुंबनियोजन व स्त्रीपुरुष समता यांचा प्रसार करण्याची ती पद्धत येथेही रुजावी, या कल्पनेतून ही मालिका जन्मास आली होती. परंतु अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांची पाहणी केली, त्यांची पत्रे वाचली, तेव्हा असे आढळले की पुष्कळ प्रेक्षकांना, आणि त्यांत स्त्रियाही आल्या, भागवंती हीच अनुकरणीय वाटली होती. जिची कीव यावी म्हणून उभी केली, तिलाच लोकांनी आदर्श मातेच्या आसनावर बसविले.

वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांच्या अभ्यासात ‘प्रेक्षक’, ‘चित्रण’ आणि ‘संदर्भ’ हे तीन विषय निरनिराळे शिकविले जातात. भागवंतीच्या उदाहरणात मात्र ते एकमेकांपासून सोडविता येत नाहीत. भागवंती जशी रंगविली गेली ते चित्रण. ते पाहणारा, सहनशीलतेची कीर्तने-पुराणे ऐकत वाढलेला समाज हा प्रेक्षक. आणि घरात नव्याने आलेला, शेजारपाजारच्यांनीही येऊन पाहावा असा दूरचित्रवाणी संच, एकुलती एक सरकारी वाहिनी, प्रत्येक भागाच्या अखेरीस पडद्यावर येऊन वडीलधाऱ्याच्या जिव्हाळ्याने चार शब्द सांगणारे अशोक कुमार, हा सारा संदर्भ. मालिकेला प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली, यावरून ते केवळ पाहत नव्हते, तर कथेत आपला वाटा मागत होते, हे उघड होते. उपदेशाचा मारा लोकांना रुचत नाही असे पहिल्या तेरा भागांत दिसताच लेखक मनोहर श्याम जोशी यांना कुटुंबनियोजनाचा विषय मागे सारून घरातील रागलोभ पुढे आणावे लागले. चित्रणाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे: सगळ्या देशाचे म्हणून जे घर दाखविले गेले ते उत्तर हिंदुस्थानातील, हिंदी बोलणाऱ्या, कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाचे होते, आणि दक्षिणेत या मालिकेला तसा आश्रय लाभला नाही.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील जमैकात जन्मलेले विद्वान स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये असे प्रतिपादन केले की कर्त्याने घातलेला अर्थ जसाच्या तसा प्रेक्षकाच्या पदरी पडत नाही. कोणी तो मान्य करतो, कोणी आपल्या परिस्थितीप्रमाणे त्यात फेरफार करतो, तर कोणी त्याच्या उलट अर्थ लावतो. ही मांडणी मला मोलाची वाटते, पण उलट अर्थ लावणारा तो बंडखोरच, अशी जी समजूत तिच्याबरोबर रूढ झाली, ती आपल्याकडे टिकत नाही. भागवंतीला वंदन करणाऱ्यांनी सरकारचा संदेश धुडकावला खरा, परंतु तो परंपरेच्या निष्ठेपोटी.

वृत्तपत्रांच्या बाबतीत हाच प्रश्न एकदा थेट फौजदारी न्यायासनापुढे आला होता. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त पुण्यातील शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाची हकिकत आली, अफझलखानाच्या वधाचे नैतिक समर्थन करणारी व्याख्याने तीत होती, आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविताही त्या अंकात होती. पुण्यात प्लेगचा कहर आणि त्याच्या बंदोबस्तासाठी चाललेल्या घरझडत्यांचा संताप ताजा असतानाच, म्हणजे अंक निघाल्यावर अवघ्या सात दिवसांनी, २२ जूनच्या रात्री या बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँडसाहेब यांच्यावर गोळी झाडली गेली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा वाद केवळ शब्दांचा उरला नाही. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले ते असे, की हा मजकूर कोणत्या वर्गाच्या हाती पडणार होता आणि तो कोणत्या काळात, कोणत्या परिस्थितीत पसरला, हे ध्यानात घेऊन त्याचा परिणाम ठरवावा. प्रेक्षक, चित्रण आणि संदर्भ या तिन्हींची चिकित्सा आजचा विद्यार्थी वर्गात करतो. त्या दिवशी ती एका माणसाच्या स्वातंत्र्याच्या मोलाने झाली. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. आणि अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. तोच लेख, तीच साक्ष, तरी निवाडा करणारेही दोन प्रकारचे वाचकच निघाले!

येथे एक उणीव मला फार बोचते. ‘केसरी’चा तो अंक उपलब्ध आहे, खटल्याचे दफ्तर उपलब्ध आहे, परंतु गावच्या पारावर किंवा वाड्याच्या ओसरीवर एकाने मोठ्याने वाचावे आणि अक्षरओळख नसलेल्या दहाजणांनी ऐकावे, या रीतीने ज्यांच्यापर्यंत वृत्तपत्र पोहोचत असे, त्या श्रोत्यांना काय वाटले, हे सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. त्यांच्या मनाविषयी सरकारी वकील बोलले, बचावाचे वकील बोलले, न्यायाधीश बोलले. ते स्वतः बोललेले आढळत नाहीत. ‘हम लोग’च्या प्रेक्षकांची पत्रे अभ्यासकांनी वाचली नसती, तर भागवंतीबद्दलही आपण कर्त्यांचाच शब्द प्रमाण मानला असता.

म्हणून ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या रोजनिश्या, संपादकांना किंवा दूरदर्शनला लिहिलेल्या पत्रांच्या नकला, समासात शेरे मारलेले जुने अंक किंवा मालिकांविषयी नातलगांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. तारखेचा व गावाचा तपशील लिहून जवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या स्वाधीन करावीत.